पासबुक आणि पेन्सिल

साताऱ्याच्या मावशीनं मध्यंतरी वर्षभराचं पासबुक एकदम भरून आणलं. हल्ली त्यासाठी काउंटरवर रांग लावावी लागत नाही. भिंतीतल्या यंत्रात पासबुक सरकवलं की ते करकर करत पानं छापून बाहेर ढकलतं. मावशीची चार पानं भरली. घरी येऊन चष्मा लावून तिनं ती वाचली आणि मला फोन केला, ‘‘अगं, मी काढलेले पैसे मला आठवतात. हे बाकीचे कोणी काढले?’’

पुढच्या रविवारी तिच्याकडे गेले. चहा झाल्यावर दोघी पेन्सिल घेऊन बसलो. जमा झालेली पेन्शन सोडून दिली, तिनं स्वतः काढलेल्या रकमांवर बारीक टिंब दिलं आणि उरलेल्या प्रत्येक ओळीला गोल केला. दर तिमाहीला १७ रुपये ७० पैसे, एसएमएसचे. वर्षाचे ७० रुपये ८० पैसे. डेबिट कार्डाचे वार्षिक २३६. एटीएमचे २७ रुपये १४ पैसे, तीन वेळा. म्हणजे ८१ रुपये ४२ पैसे. बेरीज ३८८ रुपये २२ पैसे. मग वरखाली पाहून चार तिमाह्यांचं व्याज जुळवलं. ते भरलं ३५२ रुपये. खात्यात सरासरी चौदा हजार ठेवणाऱ्या मावशीनं पैसे सांभाळण्याबद्दल बँकेलाच वर्षाला छत्तीस रुपये दिले होते.

यात फसवणूक काही नव्हती. प्रत्येक रक्कम बँकेच्या दरपत्रकातली होती आणि प्रत्येकीवर १८ टक्के जीएसटी होता. पैशांचे ते विचित्र आकडे त्याचेच. १५ रुपयांचे १७.७० होतात, २०० चे २३६ आणि २३ चे २७.१४. पण मावशीनं जास्त वार्षिक शुल्काचं चकचकीत कार्ड मागितलं नव्हतं. जुन्याची मुदत संपली तेव्हा ते आपोआप घरी आलं. कोणत्या एटीएममध्ये गेलं की पैसे कापतात, हेही तिला कोणी सांगितलं नव्हतं. बँकेची बहुतेक शुल्कं अशीच असतात : न मागितलेल्या किंवा विसरून गेलेल्या गोष्टींची किंमत. म्हणून ‘कुठली बँक चांगली?’ या प्रश्नाच्या आधी आपलं पासबुक वाचायला हवं.

सरासरीचं गणित

सगळ्यात जास्त पैसे जातात ते किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल. भारतीय स्टेट बँकेनं बचत खात्यांवरची ही अट मार्च २०२० मध्ये काढून टाकली. तरीही २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी या एकाच कारणासाठी खातेदारांकडून सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये घेतल्याचं सरकारनं संसदेत सांगितलं. खासगी बँकांचा आकडा त्यात नाही.

‘मिनिमम बॅलन्स दहा हजार’ म्हटलं की शिल्लक एक दिवसही त्याखाली जाता कामा नये, असं अनेकांना वाटतं. बहुतेक बँका मात्र महिन्याची सरासरी पाहतात. रोज दिवसअखेरीची शिल्लक घ्यायची, महिनाभराची बेरीज करायची आणि दिवसांनी भागायची. एका पगारदाराचा महिना घेऊ. पहिले पाच दिवस खात्यात २२ हजार, मग घरभाडं आणि हप्ता गेल्यावर दहा दिवस ६ हजार, शेवटचे पंधरा दिवस २ हजार. बेरीज होते १ लाख १० हजार, अधिक ६० हजार, अधिक ३० हजार. म्हणजे २ लाख. तिला तिसानं भागलं की सरासरी ६,६६७. दहा हजारांना ३,३३३ कमी. तुटीच्या सहा टक्के असा दर असेल तर २०० रुपये आणि जीएसटी धरून २३६.

हेच गणित उलट बाजूनंही करता येतं. दहा हजारांच्या सरासरीला तीस दिवसांची बेरीज तीन लाख लागते. वरच्या माणसाला एक लाख कमी पडतात. महिना संपायच्या आत त्यानं आणखी पंचवीस हजार रुपये चार दिवस खात्यात ठेवले, तर सरासरी भरते. मोठी रक्कम काही दिवस ठेवा किंवा छोटी महिनाभर ठेवा, बेरीज सारखीच. ज्यांच्या हातात एखादी रक्कम अधूनमधून येते त्यांनी ती लगेच दुसरीकडे न वळवता दोन-चार दिवस या खात्यात थांबवली, तरी दंड टळतो.

पण शिल्लक अडकवून ठेवणंही फुकटचं नसतं. मोठ्या बँका सध्या बचत खात्यावर अडीच टक्क्यांच्या आसपास व्याज देतात. तेच दहा हजार साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत असते, तर वर्षाला चारशे रुपये जास्त आले असते. हे चारशे पासबुकात कुठेच छापले जात नाहीत, पण जातात आपलेच.

जुन्या माणसांना एक वेगळं गणित आठवत असेल : पैसे महिन्याच्या दहा तारखेच्या आत भरायचे. तेव्हा दहा तारीख ते महिनाअखेर या काळातल्या सर्वांत कमी शिल्लकीवर व्याज मिळायचं. १ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिल्लकीवर मोजतात. ऑक्टोबर २०११ पासून बचत खात्याचा व्याजदर ठरवण्याची मोकळीकही बँकांना मिळाली. त्यामुळे बँकाबँकांच्या दरांची तुलना करण्यात आता अर्थ आहे.

नियम तुमच्या बाजूचे

किमान शिल्लक किती असावी हे रिझर्व्ह बँक ठरवत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेनं महानगरं आणि शहरांतल्या नव्या खातेदारांसाठी ती पन्नास हजारांवर नेली. गदारोळ झाला आणि काही दिवसांतच बँकेनं ती पंधरा हजारांवर आणली. त्या वेळीही रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी, हा निर्णय ज्या-त्या बँकेचा, असंच सांगितलं.

दंड कसा घ्यायचा, यावर मात्र बंधनं आहेत. १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार शिल्लक कमी पडली की बँकेनं आधी खातेदाराला एसएमएस, ईमेल किंवा पत्रानं कळवायचं आणि शिल्लक भरायला निदान एक महिना द्यायचा. दंड तुटीच्या प्रमाणात हवा. शंभर रुपये कमी पडले आणि नऊ हजार कमी पडले, तर दोघांना एकच दंड लावता येत नाही. आणि निव्वळ या दंडामुळे खातं उणे होता कामा नये. पडून राहिलेल्या खात्यावर ‘उणे बाराशे’ दिसत असेल आणि ती रक्कम फक्त किमान शिल्लकीच्या दंडाची असेल, तर ते पैसे भरण्याआधी हा नियम शाखेत दाखवा.

दोन वर्षं खातेदारानं काहीच व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. अशा खात्यावर किमान शिल्लकीचा दंड घेता येत नाही आणि ते पुन्हा चालू करण्याचेही पैसे लागत नाहीत. दहा वर्षं कोणी विचारलंच नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेकडच्या निधीत जाते. पण ती बुडत नाही. खातेदाराला किंवा वारसांना ती नंतरही मागता येते. अशा रकमा शोधायला रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये ‘उद्‌गम’ नावाचं पोर्टल सुरू केलं. घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव त्यावर एकदा टाकून बघायला हरकत नाही.

ज्यांना शिल्लक ठेवणं जमतच नाही त्यांच्यासाठी मूलभूत बचत खातं आहे, लोकांच्या भाषेत झिरो बॅलन्स खातं. प्रत्येक बँकेला ते द्यावंच लागतं आणि ते गरिबीच्या दाखल्यावर मिळत नाही. कोणालाही उघडता येतं. किमान शिल्लक नाही, एटीएम कार्ड फुकट, पैसे कितीही वेळा भरा, महिन्याला चार वेळा काढा. अट एवढीच की त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. २०१४ पासूनची जनधन खातीही याच जातीची.

याचं महत्त्व महाराष्ट्रात ऑगस्ट २०२४ मध्ये दिसलं. लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते जमा झाले आणि काही बायकांच्या खात्यांतून ते आधीच्या थकलेल्या शुल्कापोटी वळते झाल्याच्या तक्रारी आल्या. सरकारी योजनेचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. ते खातं अनेकदा जुनं, विसरलेलं आणि किमान शिल्लकीच्या अटीचं असतं. ज्या खात्यात असे पैसे येणार, ते आधी मूलभूत खात्यात बदलून घ्यावं. त्यासाठी शाखेत एक अर्ज पुरतो.

एटीएमची मोजदाद

मावशीचे एटीएमचे पैसे का गेले? तिच्या घराजवळचं यंत्र दुसऱ्या बँकेचं. ती आधी शिल्लक पाहायची आणि मग पैसे काढायची. तिच्या हिशेबात ही एक खेप, पण यंत्राच्या हिशेबात दोन व्यवहार. आपल्या बँकेच्या एटीएममधून महिन्याला पाच वेळा पैसे काढणं मोफत असतं. दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये मुंबईसह सहा महानगरांत तीन आणि इतरत्र पाच व्यवहार मोफत असतात, आणि शिल्लक पाहणं हासुद्धा त्यातला एक व्यवहार. त्यापुढे १ मे २०२५ पासून प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत शुल्क आणि वर जीएसटी. दिवाळीच्या महिन्यात मावशीच्या चार खेपा झाल्या आणि तीन वेळा कात्री लागली. आता ती शिल्लक मोबाइलवर पाहते आणि महिन्याचे पैसे दोन खेपांत काढते.

यंत्रात पैसेच नव्हते किंवा ते बिघडलं होतं, तर तो प्रयत्न मोजला जात नाही. पैसे बाहेर आले नाहीत पण खात्यातून गेले, तर बँकेनं ते पाच दिवसांत परत करायचे असतात. त्याहून उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई, तीही न मागता.

बाकीच्या ओळी थोडक्यात. एसएमएसचे पैसे प्रत्यक्ष पाठवलेल्या संदेशांनुसार घ्या, असं रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना सांगितलं आहे. शांत खात्यावर ठोक रक्कम लागत असेल तर विचारावं. कार्डाबाबत ‘मला सर्वांत साधं रुपे कार्ड द्या’ असं लिहून द्यावं. मोबाइल किंवा नेट बँकिंगवरून केलेलं एनईएफटी बचत खातेदाराला जानेवारी २०२० पासून मोफत आहे. तेच शाखेत फॉर्म भरून केलं तर पैसे पडू शकतात. यांतली सर्वांत महाग ओळ असते ती परत गेलेल्या हप्त्याची. कर्जाचा हप्ता किंवा एसआयपी शिल्लक नसल्यानं परत गेली, तर बँक एका वेळेला काही शे रुपये घेते आणि कर्ज देणारा वेगळा दंड लावतो. त्याला उपाय एकच : हप्त्याची तारीख पगारानंतर दोन-चार दिवसांनी ठेवणं.

पेन्सिलीनं गोल केलेली प्रत्येक ओळ शुल्कच असते, असंही नाही. मावशीच्या पासबुकात वीस रुपयांची एक ओळ होती. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची. दोन लाखांचं अपघाती विम्याचं संरक्षण त्यात मिळतं. ती ठेवली. पण तिच्या दुसऱ्या बँकेतूनही तेच वीस रुपये जात होते, आणि विमा मात्र एकाच खात्यावर मिळतो. दुसरा बंद केला.

खाती किती?

मावशीच्या कपाटातून त्या दिवशी एकूण चार पासबुकं निघाली. शिक्षिका असतानाचं पगाराचं खातं, पेन्शनचं, काकांबरोबरचं संयुक्त आणि एका एफडीसाठी उघडलेलं. प्रत्येकाला वेगळं कार्ड, वेगळे एसएमएस, वेगळी केवायसी. नोकरदारांची गोष्टही हीच. नोकरी बदलली की नवं पगारखातं उघडतं आणि जुनं तसंच राहतं. पगार येणं थांबलं की काही महिन्यांत बँक त्या जुन्या खात्याला साधं बचत खातं ठरवते आणि किमान शिल्लकीची अट लागू होते. माझंही असं एक खातं होतं. दीड वर्षानं पाहिलं तेव्हा त्यातले चार हजार शून्यावर आले होते. सूचना आल्या होत्या, पण मी बंद केलेल्या फोन नंबरवर.

एका घराला साधारण दोन खाती पुरतात. एक रोजच्या ये-जाचं : पगार किंवा पेन्शन येणार, हप्ते आणि बिलं जाणार. दुसरं वेगळ्या बँकेत, अडीअडचणीसाठी. शक्यतो किमान शिल्लक नसलेलं.

खातं बंद करण्याआधी त्याला काय काय जोडलं आहे, ते पाहावं : गॅसचं अनुदान, एलआयसीचा हप्ता, एसआयपी, भविष्यनिर्वाह निधी, प्राप्तिकराचा परतावा. हे सगळं हलवून एक महिना वाट पाहा, कारण विसरलेला एखादा हप्ता त्या महिन्यात हमखास उगवतो. बऱ्याच बँका खातं वर्षाच्या आत बंद केलं तर शुल्क घेतात आणि वर्षानंतर घेत नाहीत. उरलेलं चेकबुक आणि कार्ड परत करून खातं बंद झाल्याची लेखी पोच घ्या.

मग बँक कुठली?

आपली ये-जा कळली की उत्तर सोपं होतं. शिल्लक कमी राहते आणि रोखीचं काम असतं, त्यांना सरकारी बँक सोयीची. कॅनरा बँक, बँक ऑफ बडोदा, पंजाब नॅशनल बँक, इंडियन बँक यांनी २०२५ मध्ये स्टेट बँकेच्या वाटेनं जाऊन साध्या बचत खात्यावरचा किमान शिल्लकीचा दंड काढला. कार्ड आणि एसएमएसची शुल्कं मात्र तिथेही असतात, आणि काही ‘खास’ खात्यांना अटीही असतात. खासगी बँकेचं अ‍ॅप सहसा चांगलं चालतं, पण शिल्लकीची अट शाखा महानगरात आहे की गावात, यावर ठरते. लघुवित्त बँका व्याज जास्त देतात. शाखा जवळ आहे का, ते पाहा. टपाल कार्यालयाचं बचत खातं पाचशे रुपयांवर चालतं आणि चार टक्के व्याज देतं. वर्षअखेरीला शिल्लक पाचशेच्या खाली असेल तर पन्नास रुपये जातात.

सहकारी बँक हा महाराष्ट्राचा जिव्हाळ्याचा विषय. गिरगावात १९१८ मध्ये सुरू झालेल्या सारस्वत बँकेपासून तालुक्याच्या नागरी बँकेपर्यंत, मॅनेजर नावानं ओळखतो ही सोय दुसरीकडे मिळत नाही. पण ओळखीनं ठेव सुरक्षित होत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त हजार रुपये काढता येत होते. पुण्याच्या १९१२ मधल्या रुपी बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले; पुढे ती सारस्वत बँकेत विलीन झाली.

सरकारी, खासगी, लघुवित्त किंवा सहकारी, कुठल्याही बँकेत एका खातेदाराच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी व्याजासह मिळून पाच लाखांपर्यंत विम्यानं सुरक्षित असतात. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पर्यंत एक लाख होती. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदारालाही विम्याची रक्कम नव्वद दिवसांत मिळायला हवी. पतसंस्थेला मात्र हा विमा नाही. पाटीवर ‘बँक’ हा शब्द आहे की ‘पतसंस्था’, हे दारातच वाचा. अर्धा-एक टक्का जास्त व्याज कशाच्या बदल्यात मिळतं, ते तिथे कळतं.

पैसे कापलेच तर

शाखेत तोंडी विचारणं ठीक, पण तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. १४४४८ हा त्यांचा मोफत क्रमांक आहे. तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही. लोकपालापर्यंत जाण्याची वेळ बहुतेक वेळा येतही नाही. शाखेला नियम माहीत असतात. ते आपल्यालाही माहीत आहेत, एवढं दिसणं पुरतं.

मावशीनं आता साधं कार्ड घेतलंय, दोन खाती बंद केलीत आणि एफडीला नॉमिनीचं नाव लावलंय. यंदाच्या पासबुकात गोल केलेल्या ओळी उरल्या दोन प्रकारच्या : विम्याचे वीस रुपये आणि एसएमएसचे सत्तर. एसएमएसचं तिनं बँकेला पत्र लिहून विचारलंय.

तुमचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरातली सगळी पासबुकं भरून आणा, एक पेन्सिल घ्या आणि तासभर बसा. बँक बदलायची की नाही, ते त्यानंतर ठरवा.